वरच्या ओळीतला क

शाईमावशी कशालाच घाबरत नाही, असं धुलाईखान्यातल्या बायका म्हणायच्या. वाफेची तापलेली नळी ती नुसत्या फडक्याने धरायची, हेडक्लार्कला तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणायची, आणि लिफ्ट मधेच अडकली तर आतल्या सगळ्यांना धीर द्यायची. पण गेले काही महिने ती एका अक्षराला घाबरत होती. अक्षरही कुठलं, तर क. ज्याची तिने आयुष्यभर चाकरी केली तोच.

हा धुलाईखाना एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात होता. एका टोकाला कपडे उकळायचे ड्रम, मधे सुकवायची यंत्रं, पलीकडे इस्त्रीचा लांबलचक रूळ, आणि रुळाच्याही पलीकडे, खिडकी म्हणून जी काही फट होती तिच्याखाली, मावशीचं टेबल. नवी चादर आली, अभ्रा आला, डॉक्टरांचा हिरवा डगला आला, की तो आधी तिच्यापुढे यायचा. कितीही धुतली तरी न जाणाऱ्या शाईत काडी बुडवून ती कोपऱ्यात एक अक्षर काढायची. अ म्हणजे पुरुषांचा वॉर्ड, ब म्हणजे बायकांचा, क म्हणजे ऑपरेशनची खोली, ड म्हणजे लहान मुलं. तिचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायमची निळीकाळी झाली होती, आणि तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणालाच आठवत नसे.

क चं तेवढं प्रकरण निराळं. ऑपरेशनच्या खोलीतला कपडा वेगळ्या गाडीतून खाली येणार, वेगळ्या ड्रममध्ये उकळणार, वेगळ्या फडताळात जाणार. एकदा एका नव्या बाईने घाईघाईत क ची चादर ड च्या गठ्ठ्यात सारली. मावशीला कळलं तेव्हा गाडी वर गेली होती. ती धापा टाकत जिना चढली आणि एका लहान मुलाच्या अंगाखालून चादर ओढून घेऊन खाली आली. मूल रडलं, नर्स चिडली, मावशी एवढंच म्हणाली, "क म्हणजे क." तिच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ होती.

चादर एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डाला द्यायची झाली, तर त्यालाही रीत होती. जुन्या अक्षरावर दोन आडव्या रेघा मारायच्या आणि शेजारी नवं अक्षर काढायचं. आधी खोडायचं, मग लिहायचं. दोन्ही अक्षरं तशीच ठेवली तर चादर दोन्हीकडे हिंडत राहते आणि ऐन वेळी कुठेच सापडत नाही. नव्या बायकांना कामाचा हा पहिला धडा मावशीच द्यायची.

मग हॉस्पिटलने छापील पट्ट्या चिकटवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं. म्हणजे शाईचं टेबल बंद, आणि मावशीची रवानगी परत ड्रमवर. पण ड्रमवरच तर तिचे हात गेले होते. सोड्याच्या आणि ब्लीचच्या पाण्याने तळव्यांना चिरा पडून रक्त यायचं, म्हणून तिला टेबलावर बसवलं होतं. त्वचेच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, "पुन्हा त्या पाण्यात हात घातलेत, तर मूठ वळायची नाही." राहिला एकच मार्ग. मुकादमीणबाई निवृत्त होणार होत्या, आणि मुकादमिणीला पाण्यात हात घालावा लागत नाही, सगळ्यांच्या कामात नाक खुपसलं की भागतं. ती जागा मावशीला मिळावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, खुद्द मुकादमीणबाईंनाही. पण नियम दहावी पासचा होता, आणि मावशी नववीतून घरी बसलेली.

तर तिने बाहेरून परीक्षा दिली. भाषेत पास, इतिहासात पास, विज्ञानात तर वर्गात बसलेल्यांपेक्षा बरी. गणितात आपटली. भूमितीने थोडा हात दिला होता, पण बीजगणिताने पार आडवी केली. आता फेरपरीक्षा.

"निकाल आणा, मावशी," हेडक्लार्क म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल टाकलं तर पाय मोडेल अशी त्याला लहानपणापासून भीती असावी. "तोवर जागा मी रिकामी ठेवतो. पण या खेपेला राहिलात, तर बाहेरचं माणूस बोलवावं लागेल. आणि मग तुम्ही..." त्याने तिच्या हातांकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं.

मावशीने ते मनातल्या मनात पुरं केलं. मग घरी. आणि घरी नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या घरात ती आजवर कधी नुसती बसलीच नव्हती.

शिकवायला लेक होता. तो इमारतींचे नकाशे काढायचा, कानामागे पेन्सिल खोचून फिरायचा, आणि तिला मावशीच म्हणायचा. त्याला कारणही सरळ होतं, ती त्याची मावशीच होती. ते पुढे येईलच. कामावरून आला, चहा झाला, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं समोरासमोर बसायची, आणि सून ओट्याशी काम करता करता करमणूक म्हणून ऐकायची.

"३क + ४," लेकाने लिहिलं. "क बरोबर पाच असताना या राशीची किंमत काढ."

"क किती ते त्यांनीच सांगितलंय."

"हो."

"मग विचारतात काय?"

"सगळ्या राशीची किंमत विचारतात. क च्या जागी पाच ठेव आणि हिशेब कर."

मावशीने पेन उचललं. क वर दोन नेटक्या आडव्या रेघा मारल्या, शेजारी पाच काढला, आणि अक्षर वाळलं की नाही हे पाहावं तशी क्षणभर थांबली. "एकोणचाळीस."

"एकोणीस."

"कसं काय? तीन आणि पाच, पस्तीस. वर चार."

"तसं नाही गं. तीन क म्हणजे क तीन वेळा. मधे गुणिले असतं."

"कुठे असतं?"

"असतं. लिहीत नाहीत."

"आणि पाच आल्यावर?"

"मग लिहायचं."

मावशीने विचार केला. "म्हणजे घरचा क असला की गुणिले आत लपून बसतो, आणि पाहुणा आला की बाहेर येतो."

ओट्यापाशी सून हसली. लेकही हसला. त्याने पुढचा उपप्रश्न वाचला. "आता क बरोबर दोन."

"अरे, पण आत्ता तर पाच होता."

"तो वरच्या प्रश्नात."

"मग मधल्या मधे कुणी बदलला?"

"कुणी बदलला नाही. प्रश्न बदलला."

"आणि खरा क किती?"

"खरा असा नसतोच, मावशी. ती रिकामी जागा आहे असं समज."

"रिकामी जागा असती तर टिंबं दिली असती. इथे चांगला क बसलाय."

लेकाने पेन्सिल कानामागे खोचली, परत काढली. "तो नुसता जागा धरून बसलाय. कुणीही येऊन तिथे बसू शकतं."

"कुणीही?"

"कुठलीही संख्या."

"मग आधी जो होता तो कुठे जातो?"

"कोण?"

"क."

"अगं, अक्षर आहे ते. ते कुठे जाणार?" लेक म्हणाला, आणि घड्याळाकडे बघून उठला. त्या प्रश्नात बीजगणितापलीकडचं काही आहे, असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. मावशी मात्र बराच वेळ त्या दोन आडव्या रेघांकडे बघत बसली.

या गोंधळाची लागण मग कामालाही झाली. टेबलावर हिरवा डगला पसरला, काडी शाईत बुडवली, की मनात यायचं, हा क किती? एके दिवशी तिने खरंच एका डगल्यावर पाच काढला. डगला धुतला गेला, उकळला गेला, वर गेला, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी पाठवलेल्या निरोपासकट खाली आला. पाच नंबरची खोली कधी सुरू झाली, असं त्यांनी विचारलं होतं.

मुकादमीणबाई डगला घेऊन टेबलाशी आल्या. "हे काय गं?"

"क आहे तो," मावशी म्हणाली.

"हा क आहे?"

"पहिल्या प्रश्नात."

मुकादमीणबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ड्रमवरच्या बाईने तिथूनच ओरडून सांगितलं, "शिकवा अजून. आता मला उद्या विचारेल, तू खरी कोण म्हणून." सगळ्या हसल्या. मावशीही हसली, पण पुढच्या डगल्यावरचा क तिने दोनदा तपासला. परीक्षा जवळ येत होती आणि डोक्यात घातलेलं सगळं पालथ्या घड्यावरचं पाणी होतं. ड्रमच्या बाजूने वाफेचा लोट आला, की तिचे तळवे आपोआप पदराआड जायचे.

आता ते मावशीचं सांगतो.

मावशीला एक थोरली बहीण होती. ताईचं लग्न एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी झालं होतं, एक मुलगा होता, आणि मुलगा शाळेत जायच्या आधीच ताई एका आजाराने गेली. तेव्हा आई धाकटीला म्हणाली, "ताईच्या जागी तू जा. पोराला परकी बाई नको." ती हो म्हणाली, कारण नाही म्हणायला जी कारणं लागतात ती तिच्याकडे नव्हती. ज्या माणसाला आजवर भाऊजी म्हटलं, त्याला आता काय म्हणायचं, तेही तिला कळेना. लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर बाजारातल्या गर्दीत चुकामूक झाली, तेव्हा ती "भाऊजी, अहो भाऊजी" अशी ओरडली आणि निम्मा बाजार वळून बघायला लागला. तो मुळात हळू आवाजाचा माणूस. जवळ येऊन म्हणाला, "चालेल तेच." मग शेवटपर्यंत तेच चाललं. काही वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही तिच्या तोंडून भाऊजीच निघालं.

पोर तिला मावशी म्हणायचं. आई म्हण असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही. तिने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, त्याच्या तापात उशाशी बसली, आणि हे सगळं ताईच्या वतीने करतेय असंच मनात धरून केलं. पगारपत्रकावर बदली कामगाराची सही असते, तशी.

आणि एक गोष्ट तिने केली होती. घरात ताईने हाताने शिवलेले उशांचे अभ्रे होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने ताईचं पहिलं अक्षर भरलेलं. निघताना आईने बजावलं होतं, "जुनी खूण राहिली की नवं माणूस रुजत नाही." मावशी पहिल्याच आठवड्यात सुई घेऊन बसली आणि तिने ती अक्षरं एकेक टाका करून उसवली. पोर दारात उभं राहून बघत होतं. त्या दिवसापासून त्याने उशी घेतली नाही. आता चांगला बाप्या झाला, लग्न झालं, तरी सपाट गादीवर झोपायचा. मान अवघडते म्हणायचा. सून म्हणायची, "यांना दगडावर निजवलं तरी घोरतील." मावशी त्यावर कधी हसली नाही. खरं कारण तिने विचारलंही नाही, कारण विचारल्यावर त्याने खरंच सांगितलं असतं तर काय करायचं? त्या अभ्र्यांतला एक तिने कपाटात तळाशी ठेवला होता. कापड विरलं होतं, पण सुईची भोकं अजून दिसत.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी दुपारी लेक तिच्या सरावाचे कागद चाळत होता. प्रत्येक राशीतलं प्रत्येक अक्षर दोन आडव्या रेघांनी मारलेलं. इतकं नीट, की जणू छापखान्यातूनच तसं आलं असावं. इतके दिवस तो फक्त उत्तरं बघत होता.

"थांब," तो म्हणाला. "हे खोडतेस कशाला?"

"खोडल्याशिवाय पाच कुठे लिहू?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"मला वाटलं तू नुसती गिचमिड करतेस. तू मूळ राशीच खोडून टाकतेस की. मग दुसऱ्या वेळी क कुठे होता तेच कळत नाही तुला, आणि तीनाला पाच चिकटतो." त्याने कोरा कागद ओढला. वर लिहिलं, ३क + ४. त्याच्या खाली लिहिलं, ३ × ५ + ४. त्याच्याही खाली, १९. "ही वरची ओळ आहे ना, तिला हात लावायचा नाही. ती तशीच राहते. पाच येतो तो खालच्या ओळीत. उद्या दोन आला तर तोही खालच्या ओळीत."

"आणि क?"

"वर आहे की. हा काय."

"पाच आला तरी?"

"पाच आला तरी. उलट वर क आहे म्हणून तर पाचाने कुठे बसायचं ते कळतं."

मावशीने कागद स्वतःकडे फिरवून घेतला. वरच्या ओळीवरून तिने शाईचं बोट फिरवलं, मग खालच्या. ओट्यापाशी कुणी नव्हतं, सून कपडे वाळत घालायला गेली होती.

"मी अभ्रे उसवले होते," मावशी म्हणाली.

लेकाची पेन्सिल थांबली. कुठले अभ्रे, असं त्याने विचारलं नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी दारात होतो."

"तू तेव्हापासून उशी घेत नाहीस."

"तेव्हा मला अक्षर कुठे येत होतं? मला ती लाल खुर्ची वाटायची. आई प्रत्येक उशीवर मला एक खुर्ची काढून ठेवते, असं वाटायचं. आणि एक दिवस सगळ्या खुर्च्या गेल्या."

"मला कुणी सांगितलं होतं की—" मावशीने सुरुवात केली आणि सोडून दिली. आईचं नाव घेऊन काय होणार होतं? "तुला राग आला होता का रे?"

"आला होता. बराच आला होता. मग तू मला पोहायला शिकवलंस, तेव्हा कमी झाला. सगळा गेला का, ते मला नाही सांगता येणार. मी बघितलंच नाही कधी आत."

मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते पुसता येईना, कारण तळव्यांना मलम लावलेलं होतं. लेकाने खांद्यावरचा पंचा तिच्या हातात न देता स्वतःच तिच्या गालावर फिरवला, थोडा धसमुसळेपणाने, भिंतीवरची खडूची रेघ पुसावी तसा. मग त्याने कागद पुन्हा मधे ओढला.

"बरं," तो म्हणाला. "आता क बरोबर दोन."

मावशीने पेन उचललं. वरच्या ओळीला हात लावला नाही. खाली लिहिलं, ३ × २ + ४. त्याच्या खाली, १०. आणि मग बरोबर आहे की चूक, हे विचारायचंच विसरली.

परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्यासारखेच, शाळेकडे दुसऱ्यांदा वळलेले लोक होते. शेजारच्या बाकावर एक पहारेकरी टोपी मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याचा घाम टपटप कोऱ्या उत्तरपत्रिकेवर पडत होता. पेपर हातात आला आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं पान सगळं अक्षरांचं. त्यातलं निम्मं तिला ओळखीचं वाटलं आणि तेवढ्यानेच ती जास्त घाबरली. दोन प्रश्न तिने सोडून दिले, एकाचं उत्तर नुसतं अंदाजाने ठोकलं. मग आला तो. ४क − ७ या राशीची किंमत क = ३ आणि क = १ असताना काढा.

हात सवयीने रेघ मारायला निघाला. तिने तो आवरला. वरची ओळ लिहिली, अगदी सावकाश, जशी नव्या चादरीवर पहिली खूण काढतात तशी. खाली लिहिलं, ४ × ३ − ७. बारातून सात गेले, पाच. मग पुन्हा मूळ ओळीखाली, ४ × १ − ७. चारातून सात.

चारातून सात जातातच कसे? तिने पेन खाली ठेवलं. डोक्यात नुसता धूर झाला. क असा कसा उलटा निघाला? त्याच जागी तीन बसला तेव्हा सगळं सुरळीत होतं, एक बसला तर घरात उणं पडलं. म्हणजे जागा तीच, ओळ तीच, पण बसणारं माणूस वेगळं तर उत्तरही वेगळं. ताई असती तर काय उत्तर आलं असतं? आपलं काय आलंय? हा विचार कुठून आला तिला कळेना, आणि पेपर संपायला फार वेळ उरला नव्हता. तिने फडताळ डोळ्यांपुढे आणलं. फडताळात चार चादरी आहेत आणि वॉर्डाला सात हव्यात. तीन कमी. मुकादमीणबाई वरून ओरडतायत, तीन कमी आहेत गं. तिने लिहिलं, "३ कमी". मग वाटलं असं कुणी लिहीत नाही, म्हणून "कमी" वर दोन आडव्या रेघा मारल्या आणि तीनाच्या आधी उणेचं चिन्ह घातलं. एवढंच काय ते तिने त्या पेपरात खोडलं.

निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. शाईचं टेबल भिंतीला लावून ठेवलं होतं आणि नवं यंत्र आपल्या पट्ट्या छापत बसलं होतं. मुकादमीणबाईंनी तिला घड्या घालायच्या कामावर ठेवलं, पाण्यापासून लांब, पण हेडक्लार्क रोज जाता जाता विचारायचा, "लागला का?" अभ्यास संपल्यामुळे घरी रिकामा वेळ मिळायचा, आणि तो कसा घालवायचा या धास्तीने मावशीने कपाटाच्या तळातून तो एक अभ्रा काढला. लाल दोरा आणला. भोकं अजून होती, त्यामुळे अक्षर आठवावं लागलं नाही. सुई आपोआप जुन्या वाटेने गेली. चिरलेल्या बोटांना सुई धरवत नव्हती, दोनदा रक्त आलं, एकदा अभ्र्याला लागलं आणि तिने तो धुऊन परत घेतला. ताईचं अक्षर पुरं झालं. मग तिने बराच वेळ दोरा तोडला नाही. शेवटी त्याच्या खाली, थोडं लहान, तिने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर भरलं. ते जरा वाकडंच आलं, कारण तिथे आधीची भोकं नव्हती.

निकाल लागला तेव्हा लेकाने कागद वाचला आणि आधी मोठ्याने हसत सुटला. मावशीने कागद घ्यायला हात पुढे केला.

"किती?"

"पस्तीस."

"पस्तीस म्हणजे?"

"पास. काठावर, पण पास." आणि त्याला परत हसू आलं. "तीन आणि पाच, शेजारी शेजारी. तू सुरुवातीपासून म्हणत होतीस."

हेडक्लार्कने कागद दोन्ही बाजूंनी तपासला, उजेडात धरला, आणि म्हणाला, "बसा मुकादमीणबाई." मावशी उभीच राहिली. ते आपल्याला म्हटलंय हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. तिने मागे वळून पाहिलं, मागे जुन्या मुकादमीणबाई उभ्या होत्या आणि तिला कोपराने ढोसत होत्या. मावशीचे हात कोरडेच राहणार होते. घरी जाताना ती ते दोन्ही हात पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

तो अभ्रा तिने कुणाच्या हातात दिला नाही. रविवारी सकाळी उशीला चढवून लेकाच्या गादीवर ठेवला आणि भाजी आणायला निघून गेली. मुद्दाम लांबच्या बाजारात गेली, आणि घ्यायच्या त्यापेक्षा निम्म्याच भाज्या घेऊन, पुरेसा उशीर करून दुपारी परत आली.

सून दाराशीच होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. झोपलेत. आणि काय झालंय यांना कोण जाणे, आज चक्क उशी घेऊन झोपलेत."

मावशीने पिशवी खाली ठेवली आणि चपला न काढताच खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. लेक कुशीवर झोपला होता. कानामागे पेन्सिल तशीच होती. डोकं उशीच्या कोपऱ्याकडे सरकलं होतं, त्यामुळे वरचं लाल अक्षर लख्ख दिसत होतं, आणि खालचं दिसत नव्हतं. खालच्या अक्षरावर त्याचा गाल होता.

त्याने मुद्दाम तिथे गाल टेकवला, की झोपेत सरकला, हे मावशीला कळेना. दारात उभी राहून ती त्यावर विचार करत राहिली आणि तिला काही केल्या उत्तर येईना. आधी तिने ठरवलं, विचारायचं नाही. मग ठरवलं, उठला की विचारायचं. तोवर तिने चहा टाकला नाही, भांड्याचा आवाज झाला असता.